हिच २६ इंच, हवेची नळी माझ्या हातात: नियम वाकवला की मोडला?

कोलंबसकर | रविवार, सकाळी ९:१२

आज सकाळी बायकोनं पँट धुवायला टाकताना खिशातून टायरच्या व्हॉल्व्हच्या दोन टोप्या काढून टेबलावर ठेवल्या. "या कुणाच्या?" म्हणाली. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

मी इंडियानात कोलंबसला राहतो. नोकरी इंजिनांचीच. शेजारी साठीचे एक शेतकरी आहेत, मका आणि सोयाबीन करतात. इथे त्यांना सगळे नावानंच हाक मारतात, पण आपण काका म्हणू. काकांकडे नव्वदच्या दशकातला डॉज पिकअप आहे, १२ व्हॉल्व्हचं ५.९ लिटरचं कमिन्स इंजिन आणि बॉशचा पी-७१०० इंधन पंप. उन्हाळ्यात तो घेऊन काका गावोगावच्या जत्रांत ट्रक पुलिंगला उतरतात. गेली तीन वर्षं मी त्यांचा बिनपगारी हेल्पर. इंटरकूलरच्या टाकीत बर्फ टाकणं, साखळी धरणं, पाने देणं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रकच्या मागे एक अवजड स्लेड अडकवतात. सुरुवातीला स्लेडवरची वजनाची पेटी मागच्या चाकांवर असते. ट्रक पुढे जाईल तशी ती साखळीनं पुढे सरकते, स्लेडचं पुढचं तळ मातीत रुततं आणि ओढायला जड जड होत जातं. ३०० फूट ओढलं तर 'फुल पुल'. बहुतेक जण त्याआधीच धूर सोडत थांबतात. आमचा गट २.६ चा, म्हणजे टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) तोंड जास्तीत जास्त २.६ इंच. चालकासकट वजन ८,००० पौंडांच्या आत. आणि साखळी जिथे अडकवतात त्या हिचची उंची जमिनीपासून जास्तीत जास्त २६ इंच.

काल दुपारी ४ ला तपासणी झाली. तपासनीसानं टेप लावली: २६, केसभरही वर नाही. तेव्हा मागच्या चाकांत हवा १८ पीएसआय होती. संध्याकाळी काका म्हणाले, "३५ कर." मी केली. हिच अर्धा इंच तरी वर गेला असणार. रात्री ९ ला ओढलं. दुसरे आलो. तिसरा एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, आमच्यापेक्षा ७ इंचांनी मागे. बक्षिसातला फरक म्हणाल तर डिझेलच्या एका टाकीएवढा.

क्लबच्या पुस्तिकेत दोन वाक्यं आहेत. हिच जास्तीत जास्त २६ इंच. उंची तपासणीच्या वेळी मोजली जाईल. काका म्हणतात, मोजली तेव्हा २६ होती, विषय संपला. तुम्हाला काय वाटतं?

---

तिरकस_सदाशिव | रविवार, ९:३१

हवा भरणाऱ्यानंच धागा काढलाय म्हणजे उत्तर त्याला ठाऊक आहे. चहा टाकून बसतो.

---

धूरकट | रविवार, ९:४०

कोलंबस, इंडियाना, आणि "नोकरी इंजिनांचीच". कंपनीचं नाव गुप्त ठेवल्याबद्दल अभिनंदन. कमिन्सचं मुख्यालय तिथेच आहे हे कुणाला कळणार! अर्धं कोथरूड तिकडे आहे हो.

---

नांगरट | रविवार, १०:०५

मी ओहायोत वीस वर्षं आहे. बोलिंग ग्रीनची राष्ट्रीय ट्रॅक्टर पुलिंग स्पर्धा दर ऑगस्टला बघतो. १९६७ पासून चालू आहे ती. माझं मत स्पष्ट आहे: यात मोडलं काहीच नाही. नियम वाचणं हा खेळाचाच भाग.

मुळात नियम आले कुठून? पूर्वी प्रत्येक राज्यात, कधी कधी प्रत्येक जत्रेत वेगळे. १९६९ मध्ये आठ राज्यांतली मंडळी एकत्र बसली आणि एनटीपीए, म्हणजे नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन, स्थापन झाली, तेव्हा कुठे सगळ्यांना एक माप मिळालं. त्यानंतरचा प्रत्येक नवा नियम म्हणजे कुणीतरी आधी केलेल्या हुशारीचं थडगं आहे.

तुमच्याच २.६ चं बघा. नियम आला की टर्बोचं तोंड २.६ इंच. लोकांनी तोंड २.६ चंच ठेवलं आणि आतला पंखा त्याहून मोठा बसवला. मग नियम आला की पंख्याची पाती त्या २.६ च्या भोकात एक अष्टमांश इंच तरी आत आली पाहिजेत. कुणी टर्बोच्या कवचाच्या भिंतीला आतून गोल खाच पाडली, तिथून जादा हवा. मग काही गटांत नियम आला की भोक आतून गुळगुळीत हवं, खाच चालणार नाही. यातल्या कुणालाही त्या त्या वेळी चोर म्हटलं नाही. पुढच्या हंगामात पुस्तिकेत एक ओळ वाढली, एवढंच.

नॅस्कार या अमेरिकन मोटार शर्यतींतले गाड्या बांधणारे मेकॅनिक स्मोकी युनिक आठवा. पेट्रोलच्या टाकीचं माप ठरलेलं होतं, नळीचं नव्हतं. पठ्ठ्यानं २ इंच व्यासाची ११ फूट नळी गुंडाळून बसवली आणि ५ गॅलन जादा पेट्रोल नेलं. त्यांना लोक आजही डोक्यावर घेतात.

---

गणिती_आजोबा | रविवार, १०:२२

नांगरट, २ इंच व्यास, ११ फूट लांबी. १३२ इंच गुणिले ३.१४ म्हणजे सुमारे ४१५ घन इंच. एक गॅलन २३१ घन इंचांचा. म्हणजे पावणेदोन गॅलन, अंदाजे पावणेसात लिटर. ५ गॅलन कुठून आणलेत? नळी तेवढीच राहिली, गोष्टीत पेट्रोल वाढत गेलं.

---

नांगरट | रविवार, १०:२६

आजोबा, तुम्ही आमच्या देवळात टेप घेऊन शिरताय. सगळीकडे ५ च लिहिलेलं असतं.

---

ऊसवाली | रविवार, १०:५०

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, त्यामुळे मोजमाप म्हटलं की कान टवकारतात. आमच्याकडे काटामारी हा शब्द पोरांना बाराखडीबरोबर येतो. माझे वडील ट्रॉली कारखान्यावर नेण्याआधी गावातल्या खासगी काट्यावर वजन करून चिठ्ठी खिशात ठेवायचे. तिकडच्या चिठ्ठीशी ती कधी जुळायची, कधी दीड-दोन क्विंटल कमी. विचारलं की उत्तर ठरलेलं: "आमच्या काट्यावर आलं तेच वजन." तुमचे काका तेच म्हणतायत. मोजली तेव्हा २६ होती.

कोलंबसकर, एकच विचारते. हवा कुठे उभं राहून भरलीत?

---

कोलंबसकर | रविवार, ११:०२

ट्रेलरच्या मागे.

---

ऊसवाली | रविवार, ११:०३

झालं तर मग.

---

नांगरट | रविवार, ११:२०

नाही ताई, झालं नाही. ट्रेलरमागे सगळेच सगळं करतात. क्लचचं सेटिंग, पंपाचं टायमिंग, पुढच्या वजनांची जागा, यातलं काहीही कुणी चारचौघांत करत नाही. टर्बोच्या तोंडावर फडकी टाकून ट्रक उभे असतात, धुळीसाठीही आणि शेजाऱ्याच्या नजरेसाठीही. लपवलं म्हणजे चोरी असेल तर आख्खी स्पर्धाच चोरांची.

---

ऊसवाली | रविवार, ११:३४

फरक आहे. क्लचचं सेटिंग तुम्ही दुसऱ्या स्पर्धकापासून लपवता. हवा तपासनीसापासून लपवलीत.

---

तिरकस_सदाशिव | रविवार, ११:३६

चहाबरोबर खारीही आणतो.

---

पिटलेन | रविवार, दुपारी १:१५

हुबेहूब याच प्रकारची केस फॉर्म्युला वनमध्ये १९८२ साली झाली. किमान वजन ५८० किलो. पण नियमांत सवलत होती की शर्यतीनंतर वजन करण्याआधी पाणी, तेल वगैरे पुन्हा भरता येतं. काही संघांनी 'ब्रेक थंड करायला' म्हणून मोठाल्या पाण्याच्या टाक्या बसवल्या. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत पाणी सांडून टाकायचं, हलक्या गाडीनं शर्यत पळायची, शेवटी टाकी भरायची आणि काट्यावर चढायचं. काट्यावर ५८०, रस्त्यावर कमी. ब्राझीलला पिके पहिला आणि रोसबर्ग दुसरा आला. तक्रार झाली, दोघेही बाद, विजय प्रोस्टला. चिडलेल्या संघांनी पुढे सॅन मरिनोच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला, कारण त्यांच्या मते नियमाचं अक्षरन् अक्षर त्यांनी पाळलं होतं.

याला मी वाकवणं म्हणेन, पार फांदी जमिनीला टेकेपर्यंत वाकवणं. मोडणं बघायचं असेल तर १९९५ ची टोयोटा रॅली टीम. टर्बोच्या तोंडाला ३४ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा मर्यादित ठेवणारी कडी, सक्तीचा. यांच्या सेलिका गाडीत क्लॅम्प आवळला की तोच रिस्ट्रिक्टर पुढे सरकून बाजूनं जादा हवा आत घ्यायचा, आणि तपासायला क्लॅम्प सोडला की मूळ जागी बसायचा. म्हणजे खोलून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार. कॅटालुन्याच्या रॅलीत पकडले गेले, वर्षभराची बंदी. मोटार शर्यतींची जागतिक संस्था एफआयए, तिचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनीही बनवणाऱ्याच्या हुशारीचं कौतुक केलं होतं. कौतुक करत हाकललं.

---

धूरकट | रविवार, १:४०

पिटलेन, मग काकांची हवा कुठल्या खान्यात? पाण्याच्या टाकीच्या की क्लॅम्पच्या?

---

पिटलेन | रविवार, १:४८

टाकीच्या. त्या संघांना निदान सवलतीचं वाक्य तरी होतं, काकांना तेही नाही. आणि १९८२ चे लोक बाद झाले, हे विसरू नका.

---

वकीलसाहेब_नव्हे | रविवार, २:३०

वकील नाही, पण निविदांच्या अटी वाचण्यात हयात गेली. तुमच्या पुस्तिकेतलं पहिलं वाक्य मर्यादा सांगतं. दुसरं वाक्य ती कधी तपासणार ते सांगतं. दुसऱ्यानं पहिलं रद्द होत नाही. शाळेत गणवेश प्रार्थनेच्या वेळी तपासतात म्हणून दुसऱ्या तासाला लुंगी लावून बसता येत नाही.

---

बारी_आणि_घाट | रविवार, रात्री ८:१०

अवांतर होईल, पण जुन्नरचा आहे, राहवत नाही. आमच्या बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला बंदी घातली, राज्यानं २०१७ ला कायदा केला, डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. अटी काय, तर काठी नाही, चाबूक नाही, बॅटरीचा शॉक नाही. आता घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी सुटताना समितीची माणसं हातात काय आहे ते बघतात. लोक काय करतात? हातात काहीच नसतं, नुसता आवाज. मोटरसायकलची चावी खिशात खुळखुळवणारा माणूस मी डोळ्यांनी बघितलाय. बैलाला ती खुळखुळ कशाची आठवण करून देत होती हे त्यालाच ठाऊक. हे वाकवणं की मोडणं सांगा.

---

ऊसवाली | रविवार, ८:२२

बैलाला विचारा.

---

रत्नांग्रीकर | रविवार, ९:०५

आमच्या सांगलीच्या मित्राकडे ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घ्यायच्या स्पर्धा असतात. दोन चाकी ट्रॉली मागे घेऊन सरळ रेषेत लावायची. तिथे फसवणूक करता येत नाही. ट्रॉलीच करते.

---

स्लाइडरूल | सोमवार, सकाळी ७:३०

सगळे नीती-अनीतीवर बसलेत, अर्ध्या इंचानं नक्की मिळालं काय हे कुणी काढलंच नाही. ढोबळ आकडे धरतो. साखळीत ताण ८,००० पौंड. साखळी १० फूट, म्हणजे १२० इंच. ट्रकच्या दोन आसांतलं अंतर १४० इंच.

हिच उंच का हवा असतो? साखळी हिचकडून स्लेडकडे खाली उतरत जाते, त्यामुळे ती ट्रकला मागे तर ओढतेच, शिवाय थोडी खालीही दाबते. अर्धा इंच वर गेल्यानं हा दाब वाढला ८,००० गुणिले ०.५ भागिले १२०, म्हणजे ३३ पौंड. शिवाय पुढच्या चाकांवरचं जवळपास २९ पौंड वजन मागे सरकलं. पण तुमचा ट्रक चारही चाकं ओढणारा, म्हणजे ते या खिशातलं त्या खिशात. खरी कमाई ८,००० पौंडांच्या ट्रकवर तीसेक पौंडांची. अर्धा टक्कासुद्धा नाही.

आता हवा १८ वरून ३५ केलीत. टायर फुगला, मातीला टेकणारा भाग आक्रसला. सैल मातीवर कमी हवेचा टायर पसरतो आणि जास्त धरतो, म्हणून तर सगळे १८-२० वर ओढतात. माझ्या अंदाजानं कमावलंत त्याच्या कितीतरी पट घालवलंत. १८ वर ओढलं असतं तर ७ इंचांऐवजी फूटभर पुढे असता.

---

तिरकस_सदाशिव | सोमवार, ७:४१

म्हणजे पाप केलं ते केलं आणि वर तोट्यात. खरा मराठी उद्योजक.

---

नांगरट | सोमवार, ८:१५

स्लाइडरूल, मान्य. मीही ३५ वर कधी ओढलं नसतं. काका जुने खेळाडू आहेत ना हो?

---

कोलंबसकर | सोमवार, दुपारी १२:२०

जुने आहेत. "उंच हिच चांगला" हे त्यांच्या वडिलांपासूनचं. वडील ट्रॅक्टर ओढायचे. स्लाइडरूल, तुमचा हिशोब कागदावर काढून त्यांना दाखवतो.

---

दोनदा_तपासा | सोमवार, १:५५

सुरक्षा तपासणीत काम केलंय म्हणून लिहिते. अर्ध्या इंचावर भांडा हवं तेवढं, पण काही नियमांच्या जवळपासही फिरकू नका. डिझेलचं इंजिन इंधन तोडलं तरी थांबेलच असं नाही. टर्बोचं सील गेलं की ते स्वतःचंच तेल हवेबरोबर ओढून जाळतं आणि फुटेपर्यंत वेगानं फिरत राहतं. म्हणून हवाच बंद करणारी झडप लागते, आणि तिची तार मागे स्लेडला अडकवलेली असते. साखळी तुटली, ट्रक सुटला की तार ओढली जाते आणि इंजिन गुदमरतं. ती झडप मध्येच चुकून बंद होऊन फेरी वाया जाते म्हणून टेपनं चिकटवून ठेवणारा महाभाग मी बघितलाय. पट्ट्यापासून वीस फुटांवर लोक पोरं खांद्यावर घेऊन उभे होते. त्याला वाकवणं म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही.

---

नांगरट | सोमवार, २:०५

याला शंभर टक्के अनुमोदन. तिथे माझीही हुशारी संपते.

---

हवाहवाई | सोमवार, सायंकाळी ६:४०

मला गंमत वाटतेय. २६ चे साडेसव्वीस झाले म्हणून एवढा काथ्याकूट, आणि तो काळा धूर कुणाच्याच हिशोबात नाही? अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेनंच नोव्हेंबर २०२० च्या अहवालात म्हटलं होतं की दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली. यातले बहुतेक ट्रक कुठल्या पट्ट्यावर ओढत नाहीत, मुलांच्या शाळेसमोरून जातात.

---

धूरकट | सोमवार, ६:५२

आणि डिसेंबर २०२३ ला खुद्द कमिन्सनं १६७.५ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. रॅम पिकअपच्या लाखो इंजिनांत, २०१३ ते २०१९ च्या मॉडेलांत ६ लाख ३० हजार, चाचणीला फसवणारी सॉफ्टवेअर होती असा सरकारचा आरोप. कंपनीनं चूक कबूल केली नाही, हेही सांगतो. पण "तपासणीच्या वेळी मोजलं जाईल" हे वाक्य आठवलं की नाही? कोलंबसकर, काय म्हणता?

---

कोलंबसकर | सोमवार, ७:३०

यावर मी काही म्हणणार नाही आणि का म्हणणार नाही हेही म्हणणार नाही. काकांचा ट्रक ९६ चा आहे. त्यात काढून टाकण्यासारखी धुराची गाळणी मुळातच नव्हती.

---

गणिती_आजोबा | सोमवार, ७:४५

कोलंबसवाल्यांची बाजू घेऊन एक चांगली आठवण. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० ला कमिन्सची डिझेल गाडी पोल पोझिशनवर होती. नियमांत डिझेलला ६.६ लिटर चालत होतं, साध्या पेट्रोल इंजिनांना ४.५. डिझेल बिचारं जड आणि मंद म्हणून दिलेली ती सवलत. यांनी इंजिन आडवं झोपवून गाडी बुटकी केली, वर टर्बो लावला आणि सगळ्यांत पुढे जाऊन उभे राहिले. यात मोडलं काय? काही नाही. शर्यतीत टर्बोच्या तोंडाशी टायरच्या रबराचा कचरा अडकला आणि गाडी बंद पडली. तोंडाला जाळी लावायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती!

---

कोलंबसकर | पुढचा रविवार, सकाळी १०:३०

उशीर झाला, काल दुसऱ्या गावात पुल होतं.

स्लाइडरूल यांचा हिशोब दाखवला. काकांनी कागद गोठ्यातल्या दिव्याखाली धरला, दोनदा वाचला आणि विचारलं, "हा माणूस शेती करतो का?" नाही म्हटलं. मग गप्प. पण शुक्रवारी बघतो तर हिचच्या प्लेटचे बोल्ट सोडून बसलेले. टायर १८ वर ठेवून हिच बरोबर २६ वर पुन्हा पक्का केला.

काल तपासणीआधी मी तपासनीसाला सरळ विचारलं, की मोजल्यावर हवा भरली तर? तो म्हणाला, "पुस्तिकेत नाही. पण पट्ट्यावर उभा असताना मला शंका आली तर मी पुन्हा टेप लावतो, आणि वर दिसला तर ट्रक तसाच माघारी." गेली कित्येक वर्षं तो असं करतोय म्हणे. काकांना हे माहीत होतं का, ते मी विचारलं नाही.

हवेला हात लावला नाही. चौथे आलो. माती वेगळी, स्लेड वेगळा, पाऊसही पडून गेलेला, त्यामुळे यावरून कुणाचंच काही सिद्ध होत नाही.

तो पोरगाही होता. त्याला गेल्या वेळचं सांगावं म्हणून त्याच्या ट्रेलरकडे गेलो. ट्रकखाली झोपला होता, नुसते बूट दिसत होते. पावलं ऐकून आतूनच म्हणाला, "१९ चा पाना दे." दिला. खाली बसलो, शब्द जुळवत होतो. समोर त्याची मागची चाकं. दोन्हीकडे व्हॉल्व्हला टोप्या नव्हत्या.

काही न बोलता परत आलो.

---

ऊसवाली | रविवार, १०:४४

अगं बाई.

---

वकीलसाहेब_नव्हे | रविवार, १०:५१

टोप्या नसणं हा पुरावा होत नाही.

---

तिरकस_सदाशिव | रविवार, १०:५३

बरोबर. माझ्या स्कूटरलाही नाहीत. कोलंबसकर, तुमच्याकडे दोन जादा आहेत ना? पाठवा.